हद्दीबाहेर

३ फेब्रुवारी

चि. बारकूस,

आशीर्वाद. मदतवाटपासारखी याला रांग लावावी लागत नाही, तेव्हा हवे तेवढे घे.

फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस. आमचा दीर कुठे बघत ‘हं’ म्हणतोय ते मला इथून दिसत नाही. म्हणून हा कागद. कागदाला ‘हं’ म्हणून सुटता येत नाही.

मी अजून मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीतच आहे, नंबर चौदा. मधला पत्रा इतका पातळ की शेजारीण शिंकली की मी ‘सावकाश’ म्हणते आणि ती पलीकडून ‘थँक्यू’ म्हणते. भेग बघायला अजून माणसं येतात. परवा एक प्राध्यापकबाई आल्या. आमच्या मागच्या खोलीत उतरल्या, जमिनीला पडलेली अडीच फुटांची पायरी टेपने मोजली आणि म्हणाल्या, ‘किती स्वच्छ भेग! सुंदर!’ मग त्यांना मी दिसले. ‘सॉरी,’ म्हणाल्या. मी म्हटलं, असू द्या, ती खोली मी रोज झाडायचेच.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वी तू सुट्टीवर आलास आणि तुझ्या कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून आपल्या पुढच्या पायरीसमोर खडूने रेघ मारलीस. भूकंप झालाच तर जमीन इथे फाटेल, म्हणालास. तुझ्या दादाला हसू आवरेना. गल्लीभर सांगत सुटला, ‘आमच्या धाकट्याने पृथ्वीचा कपडा बेतलाय, आता कापायचाच बाकी.’ मी मात्र घाबरले. त्याचं तराजू-काटे दुरुस्त करायचं टेबल पुढच्या खोलीत होतं, रेघेपासून चार पावलांवर. ते मागच्या खोलीत ने म्हणून दीड महिना त्याच्यामागे भुणभुण केली. शेवटी ‘हिच्यापेक्षा भूकंप परवडला’ म्हणत त्याने टेबल हलवलं.

आणि सत्तावीस नोव्हेंबरच्या दुपारी जमीन फाटली ती मागच्या खोलीत. टेबलाखाली. पुढच्या खोलीत कपाटावरचं घड्याळसुद्धा पडलं नाही. मी तिथेच बसले होते, त्याच्या शर्टाला बटण लावत.

मला एवढंच सांग, बारकू. तू तेव्हा नक्की काय म्हणाला होतास? पुढची खोली वाईट आणि मागची बरी, असंच ना? की उलट? आठवून आठवून आता अशी गत झालीय की दोन्ही वाक्यं मला तुझ्याच आवाजात ऐकू येतात.

तुझी
वहिनी


१६ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

नमस्कार. ऑफिसात काम फार होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मी तेव्हा नेमकं काय म्हणालो होतो ते शब्दशः आता मलाही आठवत नाही. बहुधा पुढची खोली म्हणालो असेन. पण मुळात या गोष्टी अंदाजाच्या असतात. खाली खडक आहे, त्यावर चाळीस मीटर मातीचा थर. भूकंपात खडक तुटतो, त्याची एक बाजू खाली बसते आणि ती भेग मग मातीतून वर चढत येते. चढताना ती सरळ येईलच असं नसतं. घट्ट वाळू असली तर एक वाट, मऊ चिकणमाती असली तर दुसरी. आम्ही कॉम्प्युटरवर मातीचे आलेखाच्या कागदासारखे बारीक चौकोन पाडतो, तळाची अर्धी ओळ खाली सरकवतो आणि वर काय होतं ते बघतो. एकेका गणिताला दहा-अकरा तास लागतात. एवढं करूनही मातीचा भरवसा देता येत नाही.

तेव्हा यात कोणाचाही दोष धरता येणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एक जाड पांघरूण आणि दोन स्वेटर पाठवत आहे.

आपला
बारकू


२७ फेब्रुवारी

चि. बारकूस,

आशीर्वाद, मागचेच पुढे चालू.

पांघरूण मिळालं, उबदार आहे. पत्रही मिळालं. ते नोटीसबोर्डावर लावावं असं होतं. ‘कोणाचाही दोष धरता येणार नाही’ हे वाक्य इथे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. त्यांच्याकडूनच उसनं आणलंस की काय?

पण चौकोनांचं वाचून मला चाळा लागला. आपल्या रांगेतले गवंडीकाका आता खोली नंबर अकरात असतात. त्यांचीही मागची खोली गेली. ते कामावर होते म्हणून वाचले. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘कॉम्प्युटर कशाला, पेटी करू.’ आणि केली. फूटभर लांब, तळाला दोन फळ्या, त्यातली एक खालून हळूहळू उतरवता येते. वर वीतभर ओलसर वाळू. फळी उतरवली की वाळूत भेग चढते आणि वर येऊन तोंड उघडते. दर वेळी जवळपास त्याच जागी. तुझी रेघ खोटी नव्हती रे.

मग काकांनी विचारलं, ‘वहिनी, वजन आहे का एखादं?’ तराजूवाल्याच्या बायकोला हे विचारतात! ढिगाऱ्यातून काढलेली तुझ्या दादाची पितळी वजनं माझ्या उशाशीच आहेत. दोन किलोचं वजन भेगेच्या तोंडाशी ठेवलं आणि फळी उतरवली. भेग वर येता येता वळली. नको असलेला पाहुणा समोरून येताना दिसला की आपण गल्ली बदलतो, तशी. वजनाला वळसा घालून पलीकडे निघाली. सात वेळा केलं, सातही वेळा. वजन जागचं हललं नाही.

तुला आठवतंय का, आपल्या पायरीसमोर दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने कागदघर बांधलं? सगळ्या खात्यांची जुनी दप्तरं ठेवायला पाच मजले, खाली काँक्रीटची जाड लादी. त्याच्या आणि आपल्या पायरीच्या मधे एक हातगाडी जाईल एवढी वाट उरली. तुझी रेघ गेली त्याच्या भिंतीखाली. भूकंपात त्या इमारतीची काचसुद्धा तडकली नाही. एक फाईल जागची हलली नाही म्हणून अधिकाऱ्याने पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने मुलाखत दिली. मैदानापलीकडे भेग तुझ्या रेघेवरूनच गेलीय. कागदघरापाशी आली तेवढी वळली, आपल्या रांगेच्या मागच्या खोल्यांतून गेली आणि पुढे पुन्हा आपल्या वाटेला लागली.

पेटीला जे कळतं ते कॉम्प्युटरला कळत नाही का? एवढी जड इमारत बांधताना कोणीतरी गणित केलंच असेल ना? तुमच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखत असतील. जरा विचारून बघ. मला कोणाशी भांडायचं नाही. मला फक्त कळायला हवं की त्याला मागच्या खोलीत नेलं ते मी एकटीने नेलं की आणखी कोणाचा हात होता.

तुझी
वहिनी


१९ मार्च

चि. बारकूस,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. फोनही उचलत नाहीस. रागावलास का रे? मी तुझ्या पत्राला नोटीस म्हणाले ते लागलं असेल. माझी जीभ तुला ठाऊक आहे. तू अकरा वर्षांचा असताना मी या घरात आले आणि पहिल्याच दिवशी तुझ्या अक्षराला ‘मुंगळ्यांची मिरवणूक’ म्हणाले, तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास. तुझा दादा म्हणाला होता, ‘याच्या हुशारीची चेष्टा कर, पण अक्षराची करू नकोस.’ झालं गेलं सोडून दे. मला आता मागे उरलेलं तू एकच माणूस आहेस.

सहा एप्रिलला नगरपालिकेत भूकंपाच्या भरपाईची सुनावणी आहे. त्यासाठी एक फॉर्म भरून द्यायचाय, चार पानी. मयताचं नाव, वय, धंदा. तिसऱ्या पानावर रकाना सतरा : ‘मयत व्यक्ती घटनेच्या वेळी त्या जागी असण्याचे कारण.’ ज्याने हा रकाना काढला त्याला एकदा भेटायचंय. माणूस स्वतःच्या घरात असतो त्याला कारण लागतं का?

पण विचारलंय, तर खरं लिहायला हवं. मी लिहिणार आहे : ‘बायकोने सांगितले म्हणून.’

गवंडीकाका म्हणतात असं लिहू नका. मी म्हटलं, काका, दुसरं खरं कारण सांगा, ते लिहिते.

तब्येतीला जप.

तुझी
वहिनी


२५ मार्च

वहिनी,

ते लिहू नका. आधी हे पत्र पूर्ण वाचा, मग काय वाटेल ते करा.

गणित कोणी केलं ते मला कोणाला विचारायची गरज नव्हती. ते मी केलं.

अडीच वर्षांपूर्वी नगरपालिकेचं काम आमच्या ऑफिसात आलं. तो भाग माझ्या ओळखीचा म्हणून साहेबांनी ते मला दिलं. आधी नुसत्या जमिनीचं गणित केलं. भेग आली ती मी खडूने मारलेल्या रेघेवर, म्हणजे नव्या इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीखाली. साहेब म्हणाले, ‘आता इमारत घालून बघ.’ घातली. पाच मजले, मजल्यामजल्यावर कागदांचं वजन, खाली जाड लादी. कागद किती जड असतो याची तोपर्यंत मला कल्पना नव्हती. सकाळी येऊन पडदा बघितला तर भेग वळली होती. तुमच्या पेटीतल्यासारखीच. नऊ मीटर पूर्वेला.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इमारत वाचत होती. मी अहवालात वाक्य लिहिलं, ते आजही पाठ आहे : ‘भेग इमारतीस टाळून जागेच्या हद्दीबाहेर जाते, इमारतीस धोका संभवत नाही.’

हद्दीबाहेर काय आहे असं कोणी विचारलं नाही. पडद्यावर तिथे काहीच नव्हतं. आमच्यात पद्धत आहे, बैठ्या घराचं वजन धरत नाहीत. एवढ्या वजनाने मातीला काही फरक पडत नाही. घातलं तरी उत्तर तेच येतं, आणि चौकोन वाढतात, वेळ जातो. तेव्हा शून्य. आपलं घर, गवंडीकाकांचं घर, सगळी रांग : शून्य. नुसती हिरवी, रिकामी माती. पण रेघेपासून नऊ मीटरवर काय आहे ते मला माहीत होतं, वहिनी. लहानपणी त्या घरात मी पावलं मोजत हिंडलोय.

तरी मी बोललो नाही.

त्याच महिन्यात मी घरी आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बाजारात गेला होता. दादा मागच्या खोलीत सोनाराचा काटा उघडून बसला होता. मी सांगायचं ठरवूनच आलो होतो. तो म्हणाला, ‘रेघवाले, तुमच्या शास्त्राने एक उपकार केला. इथे खिडकीचा उजेड बघ. पुढच्या खोलीत मी बारा वर्षं आंधळ्यासारखं काम केलं.’ इतका खूश होता. मला म्हणावं लागलं असतं की दादा, माझी रेघ बदलली, टेबल परत पुढे ने. तो हसला असता. आठवडाभर गल्लीत सांगत हिंडला असता. त्या हसण्याची मला लाज वाटली. माझं मन लगेच वकील झालं. म्हणालं, हा खडक बाराशे वर्षांतून एकदा हलतो, तो काय तुझ्या सुट्टीची वाट बघत बसलाय? म्हणालं, अहवाल गुप्त आहे, घरात बोलायची परवानगी नाही. मग मी चहा प्यायलो आणि आलो.

एवढंच आहे. माझ्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याचं कारण दादाचं हसणं.

तुम्ही त्याला रेघेपासून लांब नेलं. मी रेघ त्याच्यामागे पाठवली आणि सांगितलं नाही. सतरा नंबरच्या रकान्यात माझं नाव लिहा.

बारकू


३० मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग बसून.

तुम्ही अहवाल लिहिला, ते मी समजू शकते. ऑफिसातला माणूस ऑफिसात जे चालतं ते करतो. तुमच्या दादाकडेही एक भाजीवाला खोटा काटा करून मागायचा. दादा त्याला शिव्या घालायचा आणि पुढच्या आठवड्यात चहाही पाजायचा. तुम्ही लाजेने बोलला नाही, तेही कुठेतरी समजतं. त्याचं हसणं खरंच वाईट होतं.

पण मी फेब्रुवारीत तुम्हाला विचारलं होतं. मी नीट ऐकलं होतं का, एवढंच विचारलं होतं. आणि तुम्हाला सगळं ठाऊक असताना तुम्ही लिहिलंत, ‘शब्दशः आठवत नाही.’ वर पांघरूण पाठवलंत. तेव्हापासून चाळीस दिवस मी इथे त्याचा खून केलेली बाई म्हणून जगतेय. सकाळी तोंड धुताना, पाण्याच्या रांगेत, वाळूची पेटी हलवताना. तुम्ही ते वाचत होता. माझं तिसरं पत्रही वाचलंत, रागावलास का रे, असं मी विचारलं ते.

तिथे तुमच्या कॉम्प्युटरचं काही चालत नव्हतं, भाऊजी. तिथे फक्त तुम्ही होता.

रकाना सतरा कोरा ठेवला आहे. त्यात तुमचं नाव मी लिहिणार नाही. सहा तारखेला सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात या आणि जे मला लिहिलंत ते तोंडाने सांगा. आमच्या रांगेतली सगळी माणसं असतील. हसणारं कोणी नसेल.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

येतो. ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, परत यायची घाई करू नकोस. मी टेबल रिकामं केलं.

बारकू


१४ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही त्या रात्रीच परत गेलात की थांबलात, ते मी कोणाला विचारलं नाही. मी तिसऱ्या ओळीत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत ते बरं केलंत. माझा चेहरा तेव्हा माझ्या ताब्यात नव्हता.

तुम्ही बोलत होता तेव्हा अध्यक्षसाहेब दोनदा घड्याळ बघत होते. नंतर म्हणाले, ‘साक्षीची नोंद घेण्यात आली आहे.’ लेखनिकाने ती टाईप केली, तीन प्रती काढल्या. एक प्रत कायमची जपून ठेवायला कागदघरात जाणार म्हणे. तिथे ती सुखरूप राहील, तुमच्या गणिताची तेवढी हमी आहे.

पण काहीतरी झालं. कागदघरावर आणखी दोन मजले चढवायचे होते, ते थांबवलेत. गवंडीकाका उठून म्हणाले, ‘पुढचं गणित कराल तेव्हा आमची घरं त्यात घाला.’ अध्यक्ष म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या त्याने फरक पडत नाही. काका म्हणाले, ‘मातीला पडत नसेल साहेब. बघणाऱ्याला पडेल. दिसलं तर विचारेल तरी, हे कोणाचं.’ मग टाळ्या वाजल्या. तुमच्या दादाला आवडलं असतं. तो मात्र टाळ्या न वाजवता काहीतरी वाकडं बोलला असता.

फॉर्म दिला. रकाना सतरा मी भरला. बराच वेळ पेन धरून बसले होते. ‘बायकोने सांगितले म्हणून’ लिहिता येईना, कारण आता ते खरं नव्हतं. तुमचंही नाव लिहवेना. शेवटी लिहिलं, ‘काम करत होते.’ खिडकीवरच्या मुलीने वाचलं आणि शिक्का मारला.

सुनावणीनंतर संध्याकाळी तुम्ही खोली नंबर चौदाच्या दारात उभे होता. पत्र्याखालच्या फटीतून बूट दिसत होते. मी आतच होते. कडी लावलेली नव्हती. तुम्ही ठोठावलं नाहीत आणि मी हाक मारली नाही. पाऊण तास असेल. शेजारीण पलीकडून हळूच म्हणाली, ‘कोणीतरी आलंय.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे.’ मग बूट गेले.

तुम्ही आत आला असतात तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. तुमचं ताट वाढलं असतं की ते फेकलं असतं. इतक्यात येऊ नका. नोकरी गेली, तर वेळेवर जेवत जा. रिकामे बसलात की तुम्ही जेवत नाही. हे काळजीने लिहीत नाही, सवयीने लिहितेय.

पत्र लिहायचं असेल तर लिहा. मी वाचेन. उत्तर कधी देईन ते ठाऊक नाही. सध्या मला दुसरं काम आहे. साडेचार महिने झाले, भाऊजी, मी त्याच्यासाठी एकदाही रडले नाही. मारणाऱ्याने रडायचं नसतं अशी माझी समजूत होती. परवा सकाळी तोंड धुताना एकदम सुरू झालं, ते अजून थांबत नाही. शेजारीण पत्र्यावर टकटक करून विचारते, बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे, चालू दे.

वहिनी